सागरकिनारी स्वयंपाकघर: विनाइलचे वेष्टन निवडताना

श्रावण लागला, की मुंबई-पुण्यातील चाकरमान्यांना गावाकडच्या घराचे वेध लागतात. मे महिन्याच्या अखेरीस कुलूप लावलेले मालवण, आचरा किंवा वेंगुर्ल्याकडचे घर चवथीला उघडायचे असते. दार उघडताच दमट वास येतो आणि सर्वांत आधी नजरेत भरते ते स्वयंपाकघर. ट्रॉल्यांच्या दारांचे कोपरे फुगलेले, सनमायकाचे पापुद्रे सुटलेले, बिजागऱ्यांवर तांबूस गंज चढलेला. गणपती आठवड्यावर आलेले असतात आणि सुतार मिळणे दुरापास्त असते. अशा वेळी विनाइलची चिकट गुंडाळी मोठा आधार वाटते. तोडफोड नाही, धूळ नाही, खर्च नव्या ट्रॉल्यांच्या मानाने अगदी थोडा आणि दोन दिवसांत स्वयंपाकघराचे रूप पालटते. किनाऱ्यावर निवास-न्याहारीचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांनाही हा मार्ग सोयीचा वाटतो, कारण पर्यटकांच्या हंगामात त्यांना चूल बंद ठेवणे परवडत नाही.

हा मोह सर्वस्वी चुकीचा नाही. योग्य जागी, योग्य रीतीने लावलेले विनाइल कित्येक वर्षे चांगले राहते. परंतु बहुतेक घरांत निवडीची सुरुवात उलट्या टोकाने होते. आधी रंग आणि नक्षी पसंत केली जाते, मग ती कोठे लावायची याचा विचार होतो. सिंधुदुर्गासारख्या दमट, खारट हवेच्या प्रदेशात हा क्रम महागात पडतो. येथे आधी तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात: फिल्म कशावर चिकटणार, कोठे चिकटणार आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात चिकटणार. ही उत्तरे हाती आली, की चकचकीत की मंद, पांढरी की सागवानी, हा निर्णय पुष्कळसा सोपा होतो.

विनाइल म्हणजे नेमके काय?

विनाइल म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड, अर्थात पीव्हीसी. मूळचे पीव्हीसी कडक आणि ठिसूळ असते. १९२६ मध्ये अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीत काम करणारे रसायनतज्ज्ञ वाल्डो सेमन रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होते. त्या प्रयत्नांत त्यांना पीव्हीसी लवचिक करण्याची युक्ती सापडली. त्यात विशिष्ट द्रव मिसळला, की ते रबरासारखे मऊ होते. आजची सजावटीची फिल्म हे त्याच लवचिक पीव्हीसीचे पातळ रूप आहे. तिच्या तळाशी चिकट द्रव्याचा थर असतो, त्यावर रंगीत पीव्हीसी, त्यावर छापलेली नक्षी आणि सर्वांत वर पारदर्शक संरक्षक थर. पाठीमागचा कागद सोलला, की ती लावण्यास सिद्ध होते.

ही फिल्म दोन पद्धतींनी बनते. पीव्हीसी तापवून रुळांतून लाटत पातळ केले, तर ती फिल्म स्वस्त पडते. मात्र लाटताना तिच्यात ताण साठून राहतो आणि कालांतराने ती किंचित आकसते. दुसऱ्या पद्धतीत द्रवरूप विनाइल पसरून वाळवतात. ही फिल्म अधिक पातळ, अधिक स्थिर आणि वळणांवर चांगली बसणारी असते. अर्थातच ती महाग असते. दाराच्या कडेला दोन वर्षांनी चिकट द्रव्याची काळपट रेघ दिसू लागते, तिचे कारण बहुधा पहिल्या प्रकारच्या फिल्मचे आकसणे हेच असते.

सनमायका ही वेगळी वस्तू आहे. मूळचे हे एका कंपनीच्या मालाचे नाव. मराठीत ते लॅमिनेट या साऱ्या प्रकारालाच चिकटले. लॅमिनेट म्हणजे राळेत भिजवलेल्या कागदाचे थर उष्णता आणि दाब देऊन घट्ट केलेला कडक पत्रा. तो बहुधा ०.८ ते १ मिलिमीटर जाडीचा असतो. फिल्म त्याच्यापेक्षा कितीतरी पातळ असते. खालच्या फळीचा लहानसा खड्डाही लॅमिनेट झाकू शकते. फिल्म मात्र तो उठून दाखवते.

किनाऱ्याची हवा

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या काळात हवेतील आर्द्रता दिवसचे दिवस उतरत नाही. घर बंद असेल, तर आत शिरलेला दमटपणा बाहेर पडायला वाटच नसते. जांभ्या दगडाच्या भिंती सच्छिद्र असतात. त्या जमिनीतील व पावसाचे पाणी शोषून घेतात आणि ते हळूहळू खोलीत सोडतात. भिंतीला टेकवून ठेवलेल्या ट्रॉलीची पाठ त्यामुळे सतत ओलसर राहते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे कण असतात. मीठ हवेतील पाणी ओढून घेते, म्हणूनच देवबाग-तारकर्लीसारख्या पाण्याने वेढलेल्या भागात पुसून कोरडा केलेला पृष्ठभागही काही वेळाने चिकट लागतो.

फिल्मचे शत्रू नेमके हेच: ओल आणि मीठ. स्वतः विनाइल पाण्याने खराब होत नाही. परंतु ज्या लाकडावर ते चिकटते ते पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटते. श्रावणातल्या फुगलेल्या दारावर घाईघाईने चिकटवलेली फिल्म आत ओल कोंडून ठेवते. दिवाळीनंतर लाकूड वाळून आटू लागले, की फिल्मला सुरकुत्या पडतात, कडा उचलल्या जातात, मध्ये फुगे येतात. त्यामुळे चवथीपूर्वीची वेळ सोयीची असली, तरी या कामासाठी ती वर्षातील सर्वांत वाईट वेळ आहे. दिवाळी ते शिमगा हा काळ उत्तम. हवा कोरडी असते, लाकूड स्थिरावलेले असते आणि चिकट द्रव्याला पकड घेण्यास पुढील पावसाळ्यापर्यंत अवसर मिळतो. चवथीला गावी आलेल्या कुटुंबाने मोजमाप घ्यावे, नमुने पाहावेत, कारागिराशी बोलून ठेवावे. प्रत्यक्ष काम मात्र कोरड्या दिवसांवर सोडावे.

आधी फळी, मग फिल्म

फिल्म फळीला बळ देत नाही. ती केवळ आवरण असते. म्हणून दार कशाचे आहे, हे आधी पाहावे. एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू, राळ आणि दाब यांतून बनलेली गुळगुळीत फळी. तिच्यावर फिल्म सर्वांत सुबक बसते. पण तिची उघडी कड पाणी शोषून घेते आणि एकदा फुगली, की पूर्ववत होत नाही. पार्टिकल बोर्ड त्याहून नाजूक असतो. तयार ट्रॉल्यांत या दोन फळ्या सर्रास वापरल्या जातात. बेसिनखालच्या दाराचा खालचा काठ बोटाने दाबून पाहावा. तो मऊ लागला किंवा फुगलेला दिसला, तर त्यावर फिल्म चढवणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय; ते दारच बदलावे.

प्लायवूडमध्येही फरक असतात. बाजारात 'एमआर' म्हणून मिळणाऱ्या प्लायमध्ये बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइड राळ असते. ती दमट हवा सोसते, परंतु सततचे पाणी सोसत नाही. 'बीडब्ल्यूआर' आणि सागरी प्लायमध्ये फिनॉल-फॉर्माल्डिहाइड राळ असते. सागरी प्लायवूडसाठी आयएस ७१० हा भारतीय मानक आहे. किनाऱ्यावरील घरात निदान बेसिनखालचा भाग तरी या प्रतीचा असावा आणि शिक्का फळीवर प्रत्यक्ष पाहून घ्यावा.

कोकणातील अनेक जुन्या घरांत फणस, आंबा, ऐन किंवा सागाची भक्कम कपाटे आजही वापरात आहेत. त्यांवर फिल्म चढवण्याचा विचार शक्यतो करू नये. अखंड लाकूड ऋतूप्रमाणे हालचाल करते आणि पातळ फिल्म ती हालचाल सहन करत नाही. शिवाय पिढ्यान् पिढ्या मुरलेल्या तेला-धुराच्या थरावर चिकट द्रव्य पकडही घेत नाही. अशा लाकडाला घासून तेल किंवा पॉलिश देणे अधिक शहाणपणाचे.

आणखी एक धोका नजरेआड होतो, तो वाळवीचा. फिल्मच्या चकचकीत आवरणाखाली वाळवी निवांत काम करते आणि दार ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तरच तिचा सुगावा लागतो. फिल्म लावण्यापूर्वी फळीची मागची बाजू, जमिनीलगतचा भाग आणि भिंतीकडील कोपरे तपासून घ्यावेत. ट्रॉल्या पायांवर उभ्या असाव्यात, भिंतीपासून किंचित दूर असाव्यात, म्हणजे मागून हवा खेळते आणि वाळवीची मातीची वाटही दिसते.

वरच्या थराचे यश खालच्या तयारीवर अवलंबून असते, हे सिंधुदुर्गाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. सावंतवाडीतील चिताऱ्यांची लाखकामाची परंपरा याच तत्त्वावर उभी आहे. लाकडी वस्तू असो वा गंजिफाचे पान, आधी पृष्ठभाग तयार करायचा, घोटून एकसारखा करायचा, मग रंगवायचा आणि शेवटी लाखेचा थर द्यायचा. झळाळी डोळ्यांना दिसते ती लाखेची. टिकाऊपणा येतो तो तिच्या खालच्या, न दिसणाऱ्या मेहनतीतून. विनाइलचे तंत्र निराळे असले, तरी नियम तोच.

कोणता पोत, कोणता रंग?

फळी पक्की आहे अशी खात्री झाली, की पोताकडे वळावे. चकचकीत फिल्म प्रकाश परावर्तित करते, त्यामुळे अंधारे स्वयंपाकघर उजळ वाटते. कौलारू घरातील लहान खिडकीच्या खोलीत तिचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण ती खालचा प्रत्येक कण, प्रत्येक खड्डा उघड करते. तिच्यावर ओरखडे आणि मिठाचा धूसर थर लगेच दिसतो. जुन्या दारांवर ती क्वचितच शोभते. नव्या, गुळगुळीत एमडीएफच्या वरच्या कपाटांना ती चालू शकते.

मंद, म्हणजेच मॅट, फिल्म खालचे लहान दोष झाकते. मात्र अतिमंद, गडद छटांवर तेलकट बोटांचे ठसे उमटतात आणि जोराने घासले, तर तेवढाच भाग चकाकू लागतो. मधला, किंचित रेशमी पोत रोजच्या वापराला अधिक सोयीचा. लाकडाच्या शिरा उठावदार असणारी फिल्म किनाऱ्यावरील घरांना सर्वांत क्षमाशील ठरते. सांधे शिरांत लपतात, ओरखडे मिसळून जातात. मात्र सर्व दारांवर शिरांची दिशा एकच ठेवावी आणि गुंडाळी घेताना त्यासाठी लागणारी जादा लांबी हिशेबात धरावी. फार खोल शिरांत पीठ आणि तेल साचते, म्हणून शेगडीलगतच्या दारांना हलका उठावच बरा.

रंग निवडताना मालवणी रांधपाचा विचार अपरिहार्य आहे. हळदीचा डाग फिकट विनाइलमध्ये मुरतो. हळदीतील पिवळे द्रव्य तेलात विरघळते आणि लवचिक पीव्हीसी तेलकट रंग सहज ओढून घेते. उन्हात हा डाग बराच फिका पडतो, पण ट्रॉलीचे दार उन्हात नेऊन ठेवता येत नाही. वाटप, तिखट आणि तेल यांचा वावर असलेल्या खालच्या ट्रॉल्यांना पांढऱ्याऐवजी मातकट, राखाडी किंवा सागवानी छटा द्यावी. पांढरी वा फिकट छटा वरच्या कपाटांना ठेवावी. पश्चिमेकडील खिडकीतून दुपारचे ऊन येत असेल, तर गडद रंग अधिक तापतो आणि कडा सैल होतात. अशा ठिकाणी मध्यम छटा बरी. नमुन्याचा तुकडा घरी आणून दिवसा आणि रात्री दिव्याखाली पाहावा. त्यावर हळद-तेलाचा थेंब रात्रभर ठेवून सकाळी पुसावा. एवढ्या परीक्षेने बरेच प्रश्न सुटतात.

ओट्याचे काय?

कपाटाला जी फिल्म चालते ती ओट्यालाही चालेल, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. पीव्हीसी सुमारे ८० अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागते आणि लवचिक केलेली फिल्म त्याहूनही आधी. उकळत्या पाण्याचे तापमान १०० अंश, फोडणीच्या तेलाचे त्याहून कितीतरी अधिक. भाकरीचा तवा किंवा माशांच्या तळणाची कढई क्षणभर टेकली, तरी फिल्म वितळून कायमचा वण राहतो. सुरीचा एक कट पुरेसा असतो. त्यातून पाणी आत शिरते आणि बेसिनभोवतीची फिल्म फुगू लागते. संगमरवरी नक्षीची फिल्म छायाचित्रात देखणी दिसते, प्रत्यक्षात ओट्याच्या लांबीवर तीच शीर पुन्हा पुन्हा दिसून तिची नक्कल उघडी पडते.

त्यातही सुरक्षिततेचा प्रश्न आहे. पीव्हीसी जळले, की हायड्रोजन क्लोराइड हा घशाला व फुप्फुसाला त्रासदायक वायू बाहेर पडतो. म्हणून शेगडीखाली, शेगडीमागील भिंतीवर आणि तिच्या लगतच्या कडांवर फिल्म लावूच नये. तेथे दगड, टाइल किंवा स्टेनलेस स्टील हेच योग्य. फिल्मवर थेट पीठ मळणे किंवा मासे कापणेही टाळावे.

ओट्यासाठी कोकणात वर्षानुवर्षे काळा कडप्पा वापरला जातो. आंध्र प्रदेशातील कडप्पा भागावरून ज्याला हे नाव मिळाले, तो हा चुनखडीचा दगड आहे. तो उष्णता उत्तम सोसतो. परंतु चुनखडी असल्याने आम्लाने झिजतो. कोकमाचे आगळ, लिंबू किंवा चिंच सांडून तशीच राहिली, तर त्यावर फिकट डाग उमटतो. ग्रॅनाइट याबाबतीत अधिक टणक. कडप्प्याचा काळा रंग नकोसा झाला, तर ओटा झाकण्याऐवजी खोली उजळ करणे हा अधिक टिकाऊ उपाय आहे. समोरच्या टाइल्स फिकट घ्याव्यात, वरच्या कपाटांना उजळ फिल्म लावावी, ओट्यावर थेट प्रकाश पडेल असा दिवा बसवावा. न्याहारीचे टेबल किंवा मिक्सर-फ्रिज ठेवायचा कोरडा कठडा यांवर मात्र जाड संरक्षक थराची फिल्म वापरण्यास हरकत नाही.

लावताना आणि जपताना

चांगली फिल्म वाईट लावली, तर ती स्वस्त फिल्मपेक्षाही लवकर सुटते. दारे शक्यतो बिजागरीतून काढून, आडवी ठेवून काम करावे. आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढावा, मग काचपेपरने घासावे, खड्डे लांबीने भरावेत, धूळ पुसावी आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पृष्ठभाग स्वच्छ करावा. एमडीएफच्या उघड्या कडांना प्रायमर देऊन त्या बंद करणे अत्यावश्यक आहे. फिल्म रबरी पट्टीने मध्यापासून कडेकडे दाबत न्यावी. ती कडेवर संपवू नये. दाराच्या पाठीवर निदान अडीच सेंटिमीटर वळवावी आणि कडा व कोपरे हीट गनने तापवून दाबाव्यात, म्हणजे साठलेला ताण निघून जातो. कोपऱ्यावर फिल्म ओढून ताणण्याचा मोह टाळावा. ताणलेली फिल्म पुन्हा आपल्या जागी येऊ पाहतेच. वरच्या कपाटांच्या खालच्या कडेकडे विशेष लक्ष द्यावे. चवथीला मोदकपात्रातून आणि भाताच्या पातेल्यातून उठणारी वाफ नेमकी तेथेच आदळते.

बिजागऱ्या, मूठ आणि सरकपट्ट्या याच वेळी बदलता आल्या, तर उत्तम. साध्या लोखंडी बिजागरीचा गंज फिल्मवर ओघळतो आणि तो डाग निघत नाही. स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ ही प्रत सर्वसाधारण वापराला पुरते. ३१६ या प्रतीत मॉलिब्डेनम असल्याने ती खाऱ्या हवेला अधिक तोंड देते. अगदी समुद्रालगतच्या घरांना हा फरक जाणवतो.

साफसफाईस ओलसर मऊ फडके आणि सौम्य साबण पुरे. थिनर, ॲसिटोन किंवा खरखरीत घासणी वापरू नये. घर बंद करून जाताना ट्रॉल्यांची दारे किंचित उघडी ठेवावीत, आतले कागद काढून टाकावेत आणि पावसाळ्यात शेजारच्या कोणाकडून तरी अधूनमधून घर उघडून हवा खेळवण्याची व्यवस्था करावी. बुरशी सर्वप्रथम धरते ती कोंडलेल्या, तेलकट कोपऱ्यांतच.

जुनी फिल्म काढताना ती हलकेच तापवून, तिरक्या कोनात ओढावी. ही सोललेली फिल्म परसातल्या पातेऱ्याबरोबर मात्र जाळू नये. कोकणात पालापाचोळा जाळण्याची सवय आहे, पण पीव्हीसीचा धूर पालापाचोळ्याच्या धुरासारखा नसतो. त्यातून विषारी वायू बाहेर पडतात. ती सुक्या कचऱ्यात वेगळी द्यावी. तिचा पुनर्वापर सोपा नाही, हेही निवड करताना ध्यानात घ्यावे. दर दोन वर्षांनी बदलावी लागणारी स्वस्त फिल्म खिशाला आणि परिसराला अखेर महागच पडते.

सारांश असा, की पक्क्या, कोरड्या आणि वाळवीमुक्त दारांवर, हिवाळ्यात, निगुतीने लावलेली मध्यम छटेची, हलक्या पोताची फिल्म किनाऱ्यावरील स्वयंपाकघराला खरोखर नवे रूप देते. फुगलेल्या दारावर, शेगडीशेजारी किंवा श्रावणातल्या घाईत लावलेली कितीही देखणी फिल्म पुढल्या चवथीला पुन्हा सोलावी लागते. यंदा कुलूप उघडल्यावर ट्रॉल्या विटलेल्या दिसल्या, तर गणपती आहे तशा घरात आनंदाने बसवावेत. दारांचे काठ दाबून पाहावेत, मापे टिपून घ्यावीत आणि कामासाठी दिवाळीनंतरचे चार दिवस राखून ठेवावेत.